परिचर्येतील गुणात्मक संशोधनाचे मूल्यमापन : तपाससूची आणि अर्थनिर्णय

परिचर्या ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभी राहत असताना तिने वैद्यकाकडून संशोधनाची जी रीत स्वीकारली ती मोजमापाची होती. ताप, रक्तदाब, जखम भरून येण्यास लागणारे दिवस या गोष्टी मोजता येतात आणि त्या मोजल्याच पाहिजेत. परंतु स्तन काढून टाकल्यानंतर प्रथमच आरशासमोर उभी राहणारी स्त्री, किंवा डायलिसिससाठी दर आठवड्याला तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी खेपा घालणारा शेतकरी नेमके काय अनुभवतो, हे कोणत्याही मोजपट्टीने कळत नाही. गुणात्मक संशोधन परिचर्येत आले ते या गरजेतून. त्याच्या पाठोपाठ एक अवघड प्रश्नही आला : असे संशोधन सकस की सुमार, हे कशावरून ठरवायचे? या प्रश्नाला आजवर जी उत्तरे दिली गेली, त्यांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. तपाससूच्या अहवालाची पूर्णता तपासतात, अर्थनिर्णयाचा कस तपासत नाहीत. आणि मराठी रुग्णांवरील संशोधनात गुणवत्ता ज्या टप्प्यावर हरवते, तो टप्पा तर त्यांच्या दृष्टिक्षेपातच येत नाही, असे येथील प्रतिपादन आहे.

प्रारंभीची उत्तरे तात्त्विक स्वरूपाची होती. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये संख्यात्मक संशोधनातील वैधता, विश्वसनीयता आदी निकषांना पर्याय म्हणून चार कसोट्या मांडल्या. निष्कर्ष विश्वासार्ह आहेत काय, ते अन्य परिस्थितीला लागू पडू शकतात काय, संशोधनाची प्रक्रिया मागोवा घेता येईल इतकी सुसंगत आहे काय आणि निष्कर्ष संशोधकाच्या कलावर नव्हे तर सामग्रीवर आधारलेले आहेत काय, हा त्या कसोट्यांचा आशय. परिचर्येच्या क्षेत्रात मार्गारेट सँडेलोव्स्की यांनी १९८६ मध्ये याच दिशेने विवेचन केले. ज्यांनी तो अनुभव घेतला आहे त्यांना वर्णन वाचताच ‘हे आपलेच आहे’ असे वाटले, तर ते वर्णन विश्वासार्ह, अशा अर्थाची त्यांची भूमिका परिचर्येच्या अभ्यासकांत चांगलीच रूढ झाली. विशेष असे की, १९९३ मध्ये याच विदुषीने काटेकोरपणाच्या अतिरेकाने संशोधन मृतवत ताठर होते, असा इशारा दिला आणि निष्कर्ष सहभागींना दाखवून त्यांची संमती घेण्याच्या रूढ पद्धतीविषयीही शंका उपस्थित केली. परिचर्येतील प्रबंधांत १९८६ चा निबंध जितका उद्धृत होतो, तितका १९९३ चा होताना दिसत नाही. निकष देणारे लेखन उद्धृत करणे सोयीचे असते, निकषांवर शंका घेणारे गैरसोयीचे.

पुढील टप्पा तपाससूच्यांचा. ‘कॅस्प’ या नावाने ओळखली जाणारी १० प्रश्नांची सूची अध्यापनात सर्रास वापरली जाते. २००७ मध्ये टाँग, सेन्सबरी आणि क्रेग यांनी ‘कोरेक’ ही सूची प्रसिद्ध केली. आधीच्या २२ सूच्यांमधील ७६ मुद्दे छाननी करून त्यांनी ३२ मुद्द्यांवर आणले. मुलाखत कोणी घेतली, तिचे शिक्षण काय, सहभागींशी तिचा पूर्वपरिचय होता काय, ध्वनिमुद्रण केले काय, सहभागींची उद्धृते दिली आहेत काय, असे हे मुद्दे आहेत. या सूचीचे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल. ती येण्यापूर्वी कित्येक लेखांत मुलाखत घेणारी व्यक्ती त्याच कक्षातील परिचारिका होती की बाहेरची, एवढेही वाचकाला कळत नसे.

मात्र ही सूची अहवाल कसा लिहावा यासाठी आहे. संशोधन कसे आहे हे ठरवण्यासाठी नाही. व्यवहारात हा भेद पुसला गेला आहे. नियतकालिके लेखाबरोबर भरलेली सूची मागतात, परीक्षक तिच्यावर नजर टाकतात आणि बत्तीसही चौकटींत खूण असली की काम दर्जेदार ठरते. रोझालिन बार्बर यांनी २००१ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या प्रवृत्तीवर बोट ठेवले होते. तांत्रिक उपाय संशोधनाच्या व्यापक आकलनाशिवाय वापरले गेले, तर साधनच साध्याला हाकू लागते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. मेरी डिक्सन-वुड्स व सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास तर याहून बोलका आहे. स्तनपानाला मिळणाऱ्या आधारासंबंधीचे १२ गुणात्मक लेख ६ परीक्षकांनी तीन पद्धतींनी तपासले. एक पद्धत सूचीविना, स्वतःच्या जाणत्या विवेकाने निर्णय देण्याची होती आणि दोन सूचीबद्ध होत्या. परीक्षकांमधील एकवाक्यता तिन्ही पद्धतींत अल्पच आढळली. सूची हाती दिल्याने ती वाढली नाही. सूचीमुळे मूल्यमापन वस्तुनिष्ठ होते या समजुतीला याहून मोठा धक्का कोणता असू शकेल?

‘संपृक्तता’ या संज्ञेची जी अवस्था झाली आहे तीही येथे पाहण्याजोगी आहे. नव्या मुलाखतींतून नवे काही निघेनासे झाले म्हणजे सामग्री संपृक्त झाली, असा तिचा अर्थ. ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी १९६७ मध्ये ती मांडली ती सिद्धांताच्या घडणीच्या संदर्भात; एखाद्या संकल्पनेची अंगे पुरेशी उलगडली की नाही, हा तेथे प्रश्न होता. २००६ मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी घाना व नायजेरियातील स्त्रियांच्या ६० मुलाखतींचा आढावा घेऊन पहिल्या १२ मुलाखतींतच संपृक्तता आल्याचे दाखवले. तो गट बराचसा एकजिनसी होता, प्रश्न बऱ्याच अंशी ठरीव होते आणि या मर्यादा लेखकांनी स्वतः नोंदवल्या होत्या. पण मर्यादा मागे राहिल्या आणि ‘बारा’ हा आकडा प्रवासाला निघाला. आज परिचर्येतील प्रबंधांत ‘बाराव्या मुलाखतीअंती संपृक्तता आली’ हे वाक्य शिक्क्यासारखे उमटते. कशाची संपृक्तता, हे विचारले जात नाही. सर्व रुग्ण एकाच सरकारी रुग्णालयातील, सर्व मुलाखती दुपारच्या पाळीत, खाटेशेजारी नातेवाईक बसलेले असताना घेतलेल्या असतील, तर बारावी मुलाखत पहिलीसारखीच निघणार. ती संपृक्तता अनुभवाची नसून परिस्थितीची आहे.

सूचीबाहेरचे मूल्यमापन कसे असू शकते, हे पाहण्यासाठी एका जुन्या अभ्यासाकडे वळणे उपयुक्त ठरेल. ग्लेझर आणि स्ट्राउस यांचा ‘अवेअरनेस ऑफ डाइंग’ हा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ६ रुग्णालयांत केलेल्या क्षेत्रकार्यावर तो आधारलेला होता. आपण मरणार हे रुग्णाला ठाऊक नसणे, त्याला संशय येणे, दोन्ही बाजूंना ठाऊक असूनही ठाऊक नसल्याचे सोंग दोघांनी वठवणे आणि उघड जाणीव असणे, अशा चार जाणीव-संदर्भांची मांडणी त्यात आहे. आजच्या सूचीने हा ग्रंथ तपासला तर अनेक चौकटी रिकाम्या राहतील. तरीही या चार संदर्भांपैकी तिसरा, म्हणजे परस्परांनी वठवलेल्या सोंगाचा, ज्या परिचारिकेने कर्करोगाच्या कक्षात एक वर्ष काढले आहे तिला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘पेशंटला काही सांगू नका, सिस्टर’ ही मुलाने दरवाजाबाहेर केलेली विनंती आणि ‘मुलांना वाटतं मला काही कळत नाही’ हे आईचे खाटेवरचे बोलणे, ही दोन्ही येथल्या कक्षांत नित्याची. दुसऱ्या खंडातील, साठ वर्षांपूर्वीचा निष्कर्ष येथे लागू पडतो तो त्यातील संकल्पना नेमकी असल्यामुळे.

या अभ्यासाच्या यशात जीन क्विंट या परिचारिका-संशोधिकेचा वाटा होता, हे सहसा सांगितले जात नाही. ‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’मध्ये १९६३ साली स्तनच्छेदनाच्या परिणामांवर लिहिणाऱ्या क्विंट या गटात सामील झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांचा ‘द नर्स अँड द डाइंग पेशंट’ हा स्वतंत्र ग्रंथ आला. समाजशास्त्रज्ञांना जे दृश्य दिसत होते, त्यातील परिचारिकेच्या शिक्षणाचा धागा त्यांनी पकडला : मरणासन्न रुग्णाशी कसे बोलावे हे शिकवलेच जात नाही, म्हणून परिचारिका टाळू लागते. कक्षाबाहेरच्या माणसाला या टाळण्यात केवळ अलिप्तता दिसली असती. क्विंट यांना त्यात शिक्षणाची उणीव दिसली ती व्यवसायाच्या अंतर्गत ज्ञानामुळे.

हेच अंतर्गत ज्ञान दुधारी आहे. परिचारिका जेव्हा संशोधिका होते तेव्हा गणवेश उतरवला तरी रुग्णाच्या लेखी ती ‘सिस्टर’च असते. तिच्यासमोर तक्रार करणे म्हणजे उद्याचे सलाइन कोण लावणार, हा विचार रुग्ण करतो. ‘सगळं बरं आहे, सगळे चांगले वागतात’ हे उत्तर समाधानाचे निदर्शक म्हणून नोंदवले जाते, तेव्हा संशोधनाची गुणवत्ता तेथेच ढासळलेली असते. निष्कर्ष रुग्णाला वाचून दाखवून ‘बरोबर आहे ना?’ असे विचारले, तर तो ‘तुम्ही लिहिलंय ते बरोबरच असणार’ असे म्हणेल. सँडेलोव्स्कींची १९९३ मधील शंका येथे अगदी प्रत्यक्ष रूप घेते. सूचीतील ‘पूर्वपरिचय होता काय’ या प्रश्नाला ‘होय’ असे लिहिले की चौकट भरते. त्या परिचयाने कोणती उत्तरे अडवली याचा शोध लेखात कोठे आहे, हे परीक्षकाने पाहायला हवे.

सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेला टप्पा भाषेचा आहे. महाराष्ट्रातील परिचर्या महाविद्यालयांत रुग्ण मराठीत बोलतो, प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो. प्रश्नावलीच्या मराठी भाषांतराचे प्रमाणपत्र परिशिष्टात जोडण्याची पद्धत आहे, संमतिपत्र मराठीत असावे हा आग्रहही आहे. परंतु रुग्णाच्या उत्तरांचे भाषांतर कोणी केले, ते ध्वनिमुद्रण ऐकताना थेट इंग्रजीत उतरवले की आधी मराठीत लिहून घेतले, संकेतन कोणत्या भाषेत झाले, याविषयी बहुधा मौन असते. ‘कोरेक’च्या ३२ मुद्द्यांत भाषांतराविषयी एकही मुद्दा नाही, त्यामुळे हे मौन कोणाला खटकतही नाही. ॲलिसन स्क्वायर्स यांनी २००९ मध्ये भाषेची सीमा ओलांडणाऱ्या ४० परिचर्या-अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा भाषांतरकाराची भूमिका नीट न सांगण्याचा दोष त्यांना अनेक ठिकाणी आढळला होता.

यात काय गमावले जाते, हे शब्दांच्या पातळीवर उतरल्याशिवाय लक्षात येत नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘जीव खालीवर होतो’, ‘जीव लागत नाही’, ‘कशात जीव उरला नाही’ ही चार वाक्ये चार वेगळ्या अवस्था सांगतात. पहिलीत श्वासाचा आणि छातीचा भाग आहे, दुसरीत वाट पाहण्याचा, तिसरीत घराच्या ओढीचा, चौथीत थकव्याचा आणि विरक्तीचाही. इंग्रजी प्रबंधात त्यांचे ‘चिंता’ या एकाच संकेताखाली संकलन होते आणि मग ‘चिंता’ हे आशयसूत्र सापडल्याचे जाहीर होते. वस्तुतः ते सापडलेले नसून भाषांतराने तयार केलेले असते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी अंगावरून पांढरे जाण्याविषयी ग्रामीण स्त्रियांच्या स्वतःच्या धारणा नोंदवल्या आणि तो अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रिया स्वतः काय म्हणतात आणि त्याचा अर्थ त्या कसा लावतात, हाच तेथे अभ्यासविषय होता. वैद्यकीय संज्ञा लावून ते बोलणे आधीच मिटवले असते, तर अभ्यासाला विषयच उरला नसता. परिचर्येतील प्रबंधांसाठी हा नमुना दूरचा नाही, याच राज्यातला आहे.

पद्धतीच्या नावांविषयीही परीक्षकाने थोडे कठोर व्हावे. तिसऱ्या प्रकरणात हुसर्ल आणि हायडेगर यांची नावे येतात, चौथ्या प्रकरणात मात्र मुलाखतींचा सरळ गोषवारा असतो. गोषवारा वाईट नव्हे. सँडेलोव्स्की यांनी २००० मध्ये साध्या गुणात्मक वर्णनाची प्रतिष्ठा सांगितलीच आहे. प्रामाणिक वर्णनाला तत्त्वज्ञानाची झूल पांघरण्याचे कारण नाही, आणि ती पांघरलेली असेल तर तिच्यामुळे गुण वाढवून देण्याचेही नाही.

परीक्षणासाठी हाती आलेल्या प्रबंधात एखादे आशयसूत्र निवडून त्याचा प्रवास उलट दिशेने तपासणे कोणत्याही मार्गदर्शकाला शक्य आहे : निष्कर्षातील वाक्य, त्यामागील संकेत, त्यामागील इंग्रजी उद्धृत आणि त्यामागील रुग्णाचे मराठी बोलणे. परिशिष्टात निदान दोन मुलाखतींची मूळ मराठी संहिता भाषांतराशेजारी छापली, तर हा प्रवास तासाभरात तपासता येतो. त्यासाठी रुग्णाचे नाव, गाव आणि ओळख पटवणारे तपशील काढून टाकावे लागतील, पाने वाढतील आणि टंकलेखनाचा खर्चही वाढेल. विद्यापीठीय नियमावलीतील पृष्ठमर्यादा आड येत असेल, तर साधनाच्या वैधतेसाठी तज्ज्ञांना पाठवलेल्या पत्रांच्या प्रती परिशिष्टातून वगळता येतील. ती पाने आजवर कोणी वाचत असल्याचे दिसत नाही.