सोळावर पान घ्यावं का?

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, ‘व्याख्यानमालेत जुगार कशाला?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही आज जुगार शिकवणार नाही, शिकवणाऱ्यांची समीक्षा करणार आहोत. ब्लॅकजॅक ‘शास्त्रशुद्ध’ खेळायला शिकवणारं साहित्य गेली साठेक वर्षं बाजारात आहे. पूर्वी ती पुस्तकं होती, आता मोबाईलवरचे व्हिडिओ आहेत. अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्ये कानात इयरफोन घालून तो तक्ता पाठ करणारी मुलं दिसतात. पुढच्या लाँग वीकएंडला गोव्याचं तिकीट काढलेलं असतं, आणि मांडवीतल्या बोटीवर गणिताची परीक्षा द्यायची असते. ही मुलं मूर्ख नाहीत. बरीचशी इंजिनिअरिंगची, कॉमर्सची, गणितात बरी असलेली आहेत. म्हणून तर हा विषय घ्यावासा वाटला.

खेळ थोडक्यात सांगतो. ब्लॅकजॅक म्हणजे एकवीस. चित्रांची पानं दहाची, एक्का एक किंवा अकराचा. एकवीसच्या जवळ जायचं, पण पुढे गेलात की मेलात. डीलरचं एक पान उघडं असतं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे डीलरला स्वतःचं डोकं चालवायची मुभा नाही. सोळापर्यंत त्याने पान घ्यायचंच, सतरापासून थांबायचं. आपली रमी, तीन पत्ती किंवा गणपतीच्या जागरणात रंगणारा मेंढीकोट, या सगळ्यांत समोर माणूस असतो. तो लबाडी करतो, घाबरतो, चिडतो. इथे समोर नियम बसलाय. म्हणूनच या खेळाचं गणित पूर्ण मांडता येतं.

मग माणूस हरतो कशामुळे? आम्हाला वाटतं, या प्रश्नाला भिडतं की नाही यावरून शिकवणारं पुस्तक ओळखावं. समजा आपणही डीलरसारखंच खेळलो, सोळापर्यंत घेतलं आणि सतराला थांबलो. दोघांचे नियम सारखे, मग डाव बरोबरीचा व्हायला हवा. पण होत नाही. डीलर शंभरातले सुमारे अठ्ठावीस डाव एकवीसच्या पुढे जातो, आपणही तितकेच जाऊ. मात्र आपण आधी खेळतो. आपण मेलो की पैसे लगेच उचलले जातात, मग डीलर नंतर मेला तरी परत मिळत नाहीत. दोघेही मेले असते असे डाव अठ्ठावीस टक्क्यांचे अठ्ठावीस टक्के, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. ते सगळे कसिनोचे. त्यातून एक्का-दहा आल्यावर आपल्याला दीडपट मिळतं त्याचे सव्वादोन टक्के वजा करा, उरतात साडेपाच. डीलरची नक्कल करणारा शंभरामागे साडेपाच रुपये देतो. कसिनोचा सारा धंदा या ‘आधी कोण’वर उभा आहे. हे पहिल्या पानावर सांगणारी पुस्तकं आम्हाला फार कमी दिसली. बहुतेक थेट तक्त्यावर येतात.

तक्ता मात्र खरा आहे, हे मान्य करायला हवं. अमेरिकेत अॅबरडीनच्या लष्करी केंद्रावरच्या बाल्डविन, कँटी, मेझेल आणि मॅकडरमॉट या चार जणांनी टेबलावरच्या साध्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून तो तयार केला. १९५६ साली तो अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. डीलरकडे पाच किंवा सहा उघडं असेल तर तो शंभरात बेचाळीसच्या आसपास वेळा मरतो, म्हणून आपण बारावरही थांबायचं. दोन-तीन असेल तर बारावर पान घ्यायचं. अकरावर पैज दुप्पट करायची. दोन आठ आले तर फोडायचे, दोन दहा कधी फोडायचे नाहीत. विमा कधीच घ्यायचा नाही. विमा दुपटीने देतो, म्हणजे तीनात एकदा दहाचं पान पडलं तरच हिशोब जुळेल. कॅटमध्ये दहाची पानं बावन्नात सोळा, तेरात चार, म्हणजे तीनात एकापेक्षा कमी. एवढं गणित दहावीच्या मुलाला येतं, तरी ‘विमा’ या शब्दावर आपली माणसं भुलतात. एलआयसीच्या देशात हे व्हायचंच! (हशा)

आता शीर्षकातला प्रश्न. आपल्याकडे सोळा, डीलरकडे दहा. तक्ता म्हणतो, पान घ्या. व्हिडिओतला गुरू हे अशा थाटात सांगतो की जणू घेतलं की तरलात. खरं काय? थांबलात तर शंभर रुपयांमागे सरासरी चोपन्न रुपये जातात. घेतलंत तरी चोपन्नच, फरक फक्त पैशांत. डाव सोडून निम्मे पैसे परत घ्यायची सोय असेल तर तेच बरं, कारण पन्नासच जातात. म्हणजे ‘योग्य चाल’ म्हणजे जिंकणारी चाल नव्हे, कमी हरणारी चाल. मराठीतही हिंदीतही या विद्येला ‘जिंकण्याची ट्रिक’ म्हणतात, तिथेच भाषांतर फसलेलं आहे. चांगल्या नियमांच्या टेबलावर अख्खा तक्ता बिनचूक पाळला, तरी अर्धा टक्का कसिनोचाच राहतो. आणि ‘चांगल्या नियमांच्या’ हे शब्द महत्त्वाचे. एक्का-दहाला दीडपटीऐवजी पाचाला सहा देणारं टेबल असेल, तर त्या एका ओळीने आणखी एक टक्का चाळीसच्या आसपास जातं. महिनाभर पाठ केलेलं सगळं टेबलावरच्या एका छापील वाक्यात बुडतं. ती ओळ आधी वाचा, असं सांगणारा गुरू आम्ही प्रामाणिक समजतो.

मग एडवर्ड थॉर्प. हा गणिताचा खरा माणूस. आयबीएम ७०४ संगणकावर त्याने तपासलं की वापरून झालेली पानं बाजूला गेल्यावर उरलेल्या कॅटचं पारडं कुठे झुकतं. लहान पानं, विशेषतः पंजे, संपले की खेळणाऱ्याचा फायदा, दहा आणि एक्के संपले की तोटा. जानेवारी १९६१ मध्ये त्याने हे अमेरिकन गणित संघटनेपुढे वाचलं. दोन धनिकांचे दहा हजार डॉलर घेऊन नेवाडात खेळून सुमारे अकरा हजार जिंकला, आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ लिहिलं. दोन वर्षांनी लास वेगासच्या कसिनोंनी घाबरून नियम कडक केले. गिऱ्हाईक रोडावलं, तसे काही आठवड्यांतच ते मागे घेतले. आमच्या मते या प्रकरणातला सर्वात बोलका भाग हाच. पुस्तक वाचलेले बहुतेक लोक हरतच होते, उलट पुस्तकामुळे गिऱ्हाईक वाढलं. मोजदाद जमणारे मूठभर, जमते असं वाटणारे हजारो. पुढे कसिनोंनी सहा-सहा, आठ-आठ कॅट एकत्र पिसायला घेतले, सतत पिसणारी यंत्रं आणली. सतत पिसलेल्या पानांना भूतकाळ नसतो, तिथे मोजायचं काय?

थॉर्पच्या पुस्तकाचं मोल आम्ही मानतो, कारण त्यात पडताळा आहे. त्याच्या वंशजांत तो उरत नाही. हॉलिवूडच्या ‘२१’ (२००८) मध्ये विद्यार्थी मोजतात ते निदान एकवीसच. आपल्याकडे २०१० मध्ये ‘तीन पत्ती’ आला. अमिताभ बच्चन गणिताचे प्राध्यापक, संभाव्यतेचा सिद्धांत घेऊन विद्यार्थ्यांसह मुंबईतल्या अड्ड्यांवर जातात. अभिनय सोडा, आमची तक्रार विषयाशी आहे. तीन पत्तीत दर डावाला कॅट नव्याने पिसला जातो, म्हणजे मागचं काही मोजून उपयोग नाही. समोर नियमाने बांधलेला डीलर नाही, ब्लाइंड खेळणारे, चाल वाढवणारे लोक आहेत. ब्लॅकजॅक ज्या दोन कारणांनी मोजता येतो, ती दोन्ही इथे नाहीत. सिनेमाने फळ्यावरचे आकडे उचलले, त्यांची कारणं सोडून दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या सत्यनारायण खटल्यात याहून बारकाईने पाहिलं होतं. रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, जमवाजमव करावी लागते, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची. तीन पानांचा खेळ तसा नव्हे. न्यायमूर्तींना जे कळलं ते पटकथेत यायला हरकत नव्हती.

यापेक्षा जुनी आणि चांगली गोष्ट आपल्याच घरात आहे, वनपर्वातलं नलोपाख्यान. नळ भावाशी, पुष्कराशी, फाशांत राज्य हरतो, पुढे बाहुक होऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी रथ विदर्भाकडे, म्हणजे आपल्या मुलखाकडे, धावतोय. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसत्या नजरेने सांगतो, फांद्यांवर इतकी पानं, इतकी फळं. नळ काय करतो? स्वयंवराला उशीर होतोय तरी रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. आकडा बरोबर निघतो, मग तो ती विद्या मागतो आणि बदल्यात अश्वविद्या देतो. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत, त्यामुळे झाड उगाच आलेलं नाही. संभाव्यतेच्या इतिहासावर लिहिणाऱ्या इयन हॅकिंगने १९७५ च्या पुस्तकात या प्रसंगाकडे लक्ष वेधलं, आपल्या कीर्तनांत मात्र तो कलीच्या बाहेर पडण्यापुरता उरला. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते नळाचं खाली उतरून मोजणं. रील पाहून पाठ केलेल्या तक्त्यात हे खाली उतरणं नाही.

चला, उतरून मोजू. पाचशे रुपयांचं टेबल, तासाला ऐंशी डाव, तक्ता बिनचूक. तासाला चाळीस हजार रुपये फिरतात, अर्धा टक्का म्हणजे सरासरी दोनशे रुपये तोटा. पण त्या तासातला चढउतार पाच हजारांच्या घरातला असतो. म्हणजे कोणी एका तासात सहा हजार जिंकून येईल, कोणी सहा हजार घालवेल, आणि दोघांचंही खेळणं सारखंच बरोबर असेल. जिंकलेला मुलुंडला परत आला की ग्रुपवर सांगतो, ‘स्ट्रॅटेजी चालते.’ हरलेला गप्प बसतो. अशी कीर्ती पसरते. मोजदाद येत असेल आणि खरोखर एक टक्का आपल्या बाजूला झुकवला असेल, तरी नशिबाच्या नेहमीच्या हेलकाव्याइतका नफा जमायलाच तेरा हजार डाव लागतात, म्हणजे एकशे पासष्ट तास. वीकएंडला आठ तास धरले तर वीस फेऱ्या. आणि तेवढ्यात कसिनोला तुमचा चेहरा पाठ झालेला असतो.

काही गुरू तर हरल्यावर दुप्पट लावायला सांगतात. पाचशेपासून सात वेळा ओळीने हरलात की त्रेसष्ट हजार पाचशे गेले. बरोबरीचे डाव सोडले तर असं शंभरात साधारण एकदा होतं. उरलेल्या नव्व्याण्णव वेळा पाचशे मिळाले, एकूण साडेएकोणपन्नास हजार. वजाबाकी तुम्ही करा. शिवाय टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते ती वेगळीच.

यापुढचा हिशोब परदेशी पुस्तकात नसतो, तो आपला आहे. भारतात जुगारात जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के प्राप्तिकर, वर चार टक्के उपकर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. समजा दहा रात्रींत सहा वेळा दहा हजार जिंकलात, चार वेळा दहा हजार हरलात. हातात वीस हजार, कर मात्र साठ हजारांवर, म्हणजे अठरा हजार सातशे वीस. उरले बाराशे ऐंशी. त्यातून कोकणकन्येचं तिकीट काढा. शिवाय कसिनोवरचा जीएसटी ऑक्टोबर २०२३ पासून विकत घेतलेल्या चिपच्या पूर्ण किमतीवर अठ्ठावीस टक्के झाला, सप्टेंबर २०२५ पासून चाळीस. तो भरायची जबाबदारी कसिनोची असली तरी निघणार गिऱ्हाइकाच्याच खिशातून. एका टक्क्याची विद्या घेऊन या आकड्यांपुढे कोण उभं राहणार?

आणि हे सगळं गोव्यातच का? १८८७ चा मुंबई प्रांताचा जुगारबंदी कायदा इथे आजही लागू आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कसिनोचा कायदा केला खरा, पण तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्यातही पत्त्यांची टेबलं कायद्याने पाण्यावरच्या जहाजांत, जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं. ऑनलाइन पैशांच्या खेळांचा दरवाजा संसदेने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद केला, तिथे कौशल्य की नशीब हा भेदही ठेवला नाही. आमच्या मते त्यात रमीवर थोडा अन्याय झाला, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. गोवा सरकारने २०२० मध्ये स्वतःच्या रहिवाशांना या कसिनोंत बंदी केली. बोटींतून महसूल घेणाऱ्या सरकारने आपल्या माणसांना किनाऱ्यावरच थांबवलं आणि घाटकोपर-अंधेरीच्या माणसांसाठी शिडी लावून ठेवली. ब्लॅकजॅकवरची इतकी पुस्तकं चाळली, पण कसिनोची बाजू कोणाकडे झुकलेली असते हे या एका शासकीय निर्णयाइतकं स्पष्ट सांगणारं पान आम्हाला त्यांत सापडलं नाही.

प्रश्नोत्तरांत तक्त्याविषयी विचारायचं असेल तर जरूर विचारा. फळा इथेच आहे, आपण आकडे मांडून बघू.