‘कुंकू’ बोलपटांतील प्रायश्चित्त

व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ (१९३७) या बोलपटांत केशवराव दाते यांनीं रंगविलेले वृद्ध काकासाहेब तरुण नीरेशीं केलेल्या विवाहाच्या पश्चात्तापानें होरपळतात व आत्महत्या करून तिला मोकळी करतात. प्रेक्षक गहिंवरतो, आम्हीही गहिंवरलों. परंतु हें प्रायश्चित्त आम्हांस अपुरें वाटतें. क्षमा करण्याचा अधिकार जिच्यावर अन्याय झाला तिचा. मृत्यूपुढें तिला ‘नाहीं’ म्हणतांच येत नाहीं. शिवाय पुसलें जातें तें तिचेंच कुंकू! विधवाविवाहास १८५६ पासून कायद्याची संमति होती खरी. पण समाजांत वैधव्याचा भार सोसावयाचा तो तिनेंच. जिवंत राहून तिचा नकार ऐकून घेणें हें काकासाहेबांस अधिक कठीण गेलें असतें. आणि शांता आपटे यांनीं उभी केलेली मानी नीरा तो नकार देण्यास, किंवा मनापासून क्षमा करण्यास, सर्वथा समर्थ होती.