मागच्या भिंतीतला आवाज

इथे बाहेर क्रांती चौकात उभं राहिलं की आवाज चारी बाजूंनी येतो, आणि तो फुकट असतो. घरात मात्र तोच अनुभव विकत घ्या, असं माणसाला सांगितलं गेलं. एकदा नव्हे, दोनदा.

पहिल्यांदा १९७० च्या दशकात. नाव क्वाड्राफोनिक: दोन स्पीकर पुढे, दोन मागे. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस, जेव्हीसीची सीडी-४, आणि एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर धड वाजेना. सीडी-४ ला तर सुईसुद्धा वेगळी लागायची. दशक संपण्याआधीच खेळ आटोपला. पद्धतींच्या भांडणात तिचा जीव गेला, असं सर्रास लिहिलं जातं. आम्हाला ते अर्धंच पटतं. भांडण व्हीएचएस आणि बीटामॅक्सचंही झालं; त्यात व्हिडिओ मेला का?

खरा प्रश्न असा, की संगीतात मागून ऐकायचं काय? आपली बैठक घ्या. गवई समोर, तबला-पेटी त्याच्या दोन बाजूंना, तानपुरे त्याच्या पाठीशी. श्रोत्याच्या पाठीमागे फक्त दाद असते, आणि कुणाचं तरी खोकणं. मागच्या स्पीकरला कामच नव्हतं हो.

काम सिनेमानं दिलं. पाऊस, गर्दी, डोक्यावरून जाणारं विमान. क्वाड्राफोनिकमधली चार वाहिन्या दोनांत गुंडाळण्याची युक्ती डॉल्बीनं आधी थिएटरात नेली आणि १९८२ मध्ये डॉल्बी सराउंड म्हणून घरी आणली. युक्ती साधी आहे. डाव्या आणि उजव्या वाहिनीतला जो फरक, तो मागे पाठवायचा. तोही सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका उशिरा, कारण कान आधी पोचलेल्या आवाजावर विश्वास ठेवतो. म्हणून संवाद पुढेच राहतात. १९८७ च्या प्रो लॉजिकनं मधला स्पीकरही दिला. हे सगळं हुशारीचं आहे, यात शंका नाही.

पण आपल्याकडे काय झालं? व्हिडिओ लायब्ररीतली कॅसेट बहुधा नकलेची नक्कल, आणि मोनो. डावं-उजवं सारखंच, फरक शून्य. म्हणजे नियमाप्रमाणे मागचे स्पीकर गप्प! पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला गप्प स्पीकर कसा चालेल? मग 'हॉल', 'स्टेडियम' अशी बटणं आली, आणि घरातल्या बातम्याही स्टेडियममधून येऊ लागल्या. वास्तवाचं वचन देणाऱ्या यंत्रानं जे नव्हतंच ते बनवून दिलं. आमचा आक्षेप इथे आहे. दिशा हे आवाजाविषयीचं ज्ञान आहे. इथे ती शोभेची वस्तू झाली.

दुसरा आक्षेप खुर्चीचा. या व्यवस्थेत अचूक जागा एकच, सगळ्या स्पीकरांच्या मधली. घरात तिथे कोण बसणार? वडील. स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेल्या आईला जवळचा मागचा स्पीकर ऐकू येणार, म्हणजे पाऊस भरपूर आणि संवाद पुसट. तत्त्वज्ञान शिकवताना 'ज्ञात्याचं स्थान' समजावून सांगायला आम्हाला इतकं सोपं उदाहरण कधी मिळालं नव्हतं.

आपल्या पैठण रोडवर, चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉननं १९९० च्या दशकात बझूम्बा टीव्ही विकला. हाय-फायवाले त्याला नाकं मुरडत. आमच्या मते भारतीय खोली त्याला जास्त कळली होती. दणका समोरूनच, पण सतरंजीवरच्या दहाही जणांना सारखा. (कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्याची कारणं वेगळी, तो आजचा विषय नाही.)

पुढे डीव्हीडीनं खऱ्या स्वतंत्र वाहिन्या दिल्या, म्हणजे युक्तीची गरजच संपली. तरी घराघरातले मागचे स्पीकर एकेक करून माळ्यावर गेले. वायर सतरंजीखालून न्यायची, झाडू मारताना ती उचकटायची, पुन्हा जोडायची कुणी? आता टीव्ही भिंतीला चिकटला आणि त्याखाली साउंडबार आला. त्यातले काही आजूबाजूच्या भिंतींवर आवाज आपटून तो मागे नेऊ पाहतात. त्यासाठी दोन्ही बाजूंना कोऱ्या भिंती लागतात. आपल्याकडे एका बाजूला शोकेस असतं आणि दुसऱ्या बाजूला उघडी खिडकी, जिच्यातून चौक आत येत असतो.