वांग्याचे दप्तर

जालना म्हटले की मोसंबी, पोलाद आणि बियाणे या तीन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी इथेच सुरू केली. त्या कामासाठी १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. याच कंपनीच्या एका दस्तऐवजाचे परीक्षण आम्ही या लेखात करणार आहोत. त्याला पुस्तक म्हणता येणार नाही. तो विकत मिळत नाही, त्याला मुखपृष्ठ नाही आणि बहुतेक शिक्षकांनी तो पाहिलेलाही नसेल. बीटी वांग्याच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांचे हे दप्तर हजारभर पानांचे आहे.

प्रथमच सांगून टाकतो, की बीटी वांगे खावे की खाऊ नये, या वादात आम्ही इथे पडणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. प्रयोगाच्या नोंदी लोकांपुढे ठेवायच्या, तर त्या कशा ठेवाव्यात? आणि ज्या स्थितीत त्या ठेवल्या गेल्या, तिला 'ठेवणे' म्हणता येईल का?

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूचे क्राय१एसी हे जनुक वांग्यात घातले, की शेंडे व फळे पोखरणारी अळी ते झाड खाऊन मरते. हे वांगे माणसाला आणि जनावरांना निर्धोक आहे का, हे पाहण्यासाठी चाचण्या झाल्या. पुण्यात उंदरांना नव्वद दिवस ते खाऊ घातले गेले, मुंबईत माशांना, पंतनगरला गायींना. या चाचण्यांचे आकडे २००६ साली एका संस्थेच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली मागितले. व्यापारी गुपित म्हणून ते नाकारण्यात आले. केंद्रीय माहिती आयोगाने २००७ मध्ये ते द्यायला सांगितले, तर प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. शेवटी २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने विषारीपणाच्या व ॲलर्जीच्या चाचण्यांची माहिती उघड करायला सांगितली, आणि दप्तर पर्यावरण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आले. दोन वर्षे कज्जेखटले, आणि तेही उंदरांच्या रक्ततपासणीसाठी!

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. चाचण्यांवर वर्षे आणि पैसा खर्च होतो, आणि प्रतिस्पर्ध्याने तेच कागद पुढे करून परवानगी मिळवू नये, ही भीती खरी आहे. पण जनुक कसे घातले हे गुपित एक, आणि ते खाल्ल्यावर उंदराच्या यकृताचे काय झाले हे दुसरे. कार्टाजेना जैवसुरक्षा करारातही धोक्याच्या मूल्यमापनाचा सारांश गोपनीय मानता येत नाही. भारत त्या करारात सामील आहे.

आता दप्तराकडे वळू. त्याचा पहिला दोष डोळ्यांना दिसत नाही, हाताला जाणवतो. सारी कोष्टके पीडीएफच्या पानांत आहेत. आकडे वाचता येतात, पण ते घेऊन गणित करता येत नाही. एखाद्या अभ्यासकाला सरासरी पुन्हा काढून पाहायची असेल, तर एकेक आकडा हाताने उतरवून घ्यावा लागतो, आणि उतरवताना चूक झाली तर ती चूक कोणाची, यावर नवा वाद. वर्गात फळ्यावरचे गणित दाखवून लगेच पुसून टाकणाऱ्या मास्तरांची आम्हांला आठवण झाली. दाखवले तर खरे, पण पडताळायला काही ठेवले नाही.

हे इतके महत्त्वाचे का, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. ते वर्गातही करून पाहण्यासारखे आहे. पाच उंदरांची वजने २५०, २५२, २४८, २५१ आणि २४९ ग्रॅम भरली. सरासरी २५०. दुसऱ्या गटातल्या पाचांची वजने २००, ३००, २५०, २१० आणि २९० ग्रॅम. सरासरी पुन्हा २५०. अहवालात फक्त सरासरी छापली, तर दोन्ही गट सारखेच दिसतील. पहिल्या गटात काहीच घडलेले नाही आणि दुसऱ्यात काहीतरी नक्कीच घडले आहे, हे फक्त सुट्या नोंदी सांगतात. सारांश म्हणजे दुसऱ्याने आपल्यासाठी केलेली निवड. ती प्रामाणिक असू शकते, तरीही ती निवडच.

दप्तर उघडे झाल्याचा फायदा मात्र लगेच दिसला. जानेवारी २००९ मध्ये फ्रान्सच्या जिल-एरिक सेरालिनी यांनी ग्रीनपीससाठी त्या आकड्यांची तपासणी करून काही फरकांवर बोट ठेवले. ऑक्टोबर २००९ मध्ये सरकारच्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने उत्तर दिले, की हे फरक प्राण्यांमध्ये नेहमी आढळणाऱ्या चढउताराच्या मर्यादेतच आहेत. यात कोण बरोबर, हे ठरवायला निराळा लेख लागेल. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की भांडण 'तुमच्यावर विश्वास नाही' इथून 'तुमच्या या कोष्टकातला हा आकडा' इथवर आले. विज्ञानात भांडणाची हीच जागा. पुढे ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. त्याआधी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या होत्या. बांगलादेशाने मात्र याच तंत्राची वांगी २०१३ साली मंजूर केली, आणि २०१४ पासून ती तिथल्या शेतात आहेत.

गंमत अशी, की दुसऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या याच सेरालिनींनी २०१२ साली मका व उंदरांवरचा स्वतःचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्याकडे मूळ आकडे मागितले गेले आणि त्यांनी ते लगेच दिले नाहीत. निबंध २०१३ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. २०१४ साली तो दुसरीकडे पुन्हा छापला, तेव्हा कुठे मूळ आकडे सोबत आले. म्हणजे नोंदी हाताशी धरून बसण्याची खोड फक्त कंपन्यांना असते, असे नाही. ती आम्हां संशोधकांचीच आहे, मग पगार कोणीही देवो.

दप्तराचा दुसरा दोष आमच्या लक्षात एका ग्रंथपालांमुळे आला. जालना जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात व्याख्यानासाठी गेलो होतो. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना हे दप्तर विद्यार्थ्यांना दाखवायचे होते. ग्रंथपालबाईंनी जुन्या लेखांत दिलेले पत्ते एकेक करून संगणकावर टाकले. एकही उघडेना. मंत्रालयाच्या संकेतस्थळाचा पत्ता मध्यंतरी बदलला होता, आणि जुने दुवे नव्या पत्त्याकडे नेत नव्हते. बाई म्हणाल्या, "सर, पुस्तक एका कपाटातून दुसऱ्यात हलवलं तर मी नोंदवहीत लिहून ठेवते. यांनी अख्खं ग्रंथालय हलवलं आणि पाटीसुद्धा लावली नाही." इतकी नेमकी टीका आम्ही कुठल्याही शोधनिबंधात वाचलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळवलेली माहिती अशी पत्ता बदलण्याने हरवावी, हे आम्हांला गुपित राखण्यापेक्षा वाईट वाटते. गुपित राखणाऱ्याशी भांडता तरी येते.

मग करायला काय हवे होते? यात अवघड असे काहीच नाही, आणि बहुतेक काम ग्रंथपालांच्या ओळखीचेच आहे. प्रत्येक नोंदसंचाला कायमचा क्रमांक हवा, जागा बदलली तरी तो बदलता कामा नये. पुस्तकावरच्या दाखल क्रमांकासारखाच हा प्रकार. कोष्टक कोणत्याही संगणकावर उघडेल अशा साध्या रूपात हवे. आणि सोबत एक पान हवे, ज्यावर मोजमाप कोणी, कधी, कशाने केले, एकक कोणते, आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य की मोजलेच नाही, हे लिहिलेले असावे. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. पण शाळेतल्या पर्जन्यमापकाची वही आठवा. रविवारचा रकाना कोरा असतो. त्या दिवशी पाऊस नव्हता, की शिपाई नव्हता? तीस वर्षांनी सरासरी काढणाऱ्याला हे कोण सांगणार?

संशोधकांनी २०१६ साली याच गोष्टी चार अपेक्षांत मांडल्या: नोंदी सापडाव्यात, मिळाव्यात, इतर नोंदींशी जुळाव्यात आणि पुन्हा वापरता याव्यात. आपल्याकडे त्याआधीच, २०१२ साली, सरकारी पैशातून निर्माण झालेली माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण आले होते. धोरण चांगले आहे. पण ते खासगी कंपनीच्या दप्तराला लागू होत नाही, त्या दप्तरातल्या काही चाचण्या सरकारी संस्थांत झाल्या असल्या तरी. ही फट मोठी आहे.

आणि जिथे फट नव्हती, तिथे तरी काय झाले? दिल्ली विद्यापीठात सार्वजनिक पैशातून तयार झालेल्या जनुकबदल मोहरीचा मूल्यमापन अहवाल २०१६ साली संकेतस्थळावर ठेवला गेला. संपूर्ण दप्तर पाहायचे, तर आधी वेळ ठरवून दिल्लीला मंत्रालयात जायचे. अंबड किंवा भोकरदनच्या शिक्षकाने काय करावे? इथे व्यापारी गुपिताची सबबही नव्हती. त्या मोहरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले.

महाविद्यालयीन ग्रंथपालांकडून आज काय काम करून घेतले जाते? पुस्तकांची देवघेव, मूल्यांकनाच्या फायली, आणि शोधगंगेवर प्रबंध चढवणे. प्रबंध चढतो, पण तो ज्या आकड्यांवर उभा आहे ते मात्र मार्गदर्शकाच्या कपाटात किंवा विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हवर राहतात. विद्यार्थी नोकरीला लागतो, पेन ड्राइव्ह हरवतो. प्रबंध स्वीकारताना ग्रंथपालांनी नोंदसंचही मागावा, सोबतचे पान नसेल तर परत पाठवावा, असा अधिकार त्यांना द्यायला काही खर्च नाही. नोंदी ठेवायला जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेची झेनोडो ही विनामूल्य जागा २०१३ पासून आहे. अडचण यंत्राची नाही. हे काम ग्रंथपालांचे आहे असे प्राध्यापकांना वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ ग्रंथपालांनाही वाटत नाही.

व्याख्यानानंतर चहाच्या वेळी त्या बाईंनी सहज विचारले, "सर, तुमच्या प्रबंधाचे आकडे कुठे मिळतील?" आम्ही ऐटीत सांगितले, की पाठवून देतो.

घरी आल्यावर २००६ सालची सीडी शोधून काढली. आमच्या संगणकाला सीडीचा खण नव्हता, तो शेजाऱ्यांकडून आणला. सीडी उघडली, पण निम्म्या फायली अशा एका यंत्राच्या आज्ञावलीत होत्या, जी आता कोणी वापरत नाही. उरलेल्या उघडल्या. त्यांतल्या रकान्यांची नावे आम्हीच दिलेली होती: टी१, टी२, टी२ नवा, टी२ नवा शेवटचा. यांतला कोणता रकाना प्रबंधात वापरला, हे ठरवायला प्रयोगवह्या हव्या होत्या. ज्या प्रयोगशाळेत आम्ही काम केले, तिथे चौकशी केली. नूतनीकरणाच्या वेळी त्या वह्या रद्दीत गेल्याचे कळले.

बाईंना तसे कळवले. त्यांचे उलट पत्र आले. त्यात त्यांनी रकान्यांची नावे जशीच्या तशी ठेवून, टी२ नवा म्हणजे काय ते माहीत नाही असे स्पष्ट लिहून, उघडलेल्या फायली तरी पाठवून द्यायला सांगितले आहे. पुढच्या आठवड्यात त्या पाठवत आहोत.