जुन्या भयखेळांचे पुनःप्रकाशन : पाठचिकित्सेच्या अंगाने एक विचार

प्रस्तावना

संगणकीय खेळांकडे आपल्याकडील समीक्षा करमणुकीचे साधन म्हणूनच पाहत आली आहे. तथापि कथा, दृश्य, ध्वनी आणि कृती यांचा संयोग साधणारा हा प्रकार आता जुना होऊ लागला असून त्याच्या जतनाचा प्रश्न उभा राहिला आहे. प्रस्तुत लेखात ‘सर्व्हायव्हल हॉरर’ या प्रकारातील खेळांच्या पुनःप्रकाशनाचा विचार केला आहे. मोजकी शस्त्रे, अपुरी साधने आणि भयप्रद वास्तू यांतून पात्राला जिवंत बाहेर काढणे, हे या प्रकाराचे सूत्र होय.

मर्यादा आणि भय

शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1996 मध्ये प्लेस्टेशन या खेळयंत्रासाठी ‘रेसिडेंट ईव्हिल’ प्रसिद्ध केला. त्यातील कॅमेरा प्रत्येक दालनात स्थिर असतो. त्यामुळे कोपऱ्यापलीकडचे दिसत नाही, केवळ पावलांचा आवाज येतो. खेळातील प्रगती नोंदविण्यासाठी टंकयंत्राची शाईफीत लागते आणि तीही मोजकीच मिळते. दालन बदलताना दार सावकाश उघडते. वस्तुतः हा वेळ यंत्राला पुढील दृश्य तबकडीवरून वाचण्यासाठी हवा असतो. परंतु तेवढ्या अवधीत खेळणाऱ्याच्या मनात भीती साठत जाते. येथे तांत्रिक मर्यादेचेच कलागुणात रूपांतर झाले आहे.

दोन उदाहरणे

मर्यादा हाच गुण असेल, तर दुरुस्ती कशाची करावयाची? कोनामी कंपनीच्या ‘सायलेंट हिल 2’ (2001) या खेळाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 2012 मध्ये नव्या खेळयंत्रांसाठी त्याची आवृत्ती निघाली, तेव्हा मूळ संहितेची अंतिम प्रत जतन केलेली नव्हती. अपुऱ्या प्रतीवरून काम करावे लागले. परिणामी नगरावरील धुके विरळ होऊन दृश्याच्या कडा उघड्या पडल्या. धुके हे त्या कथेचे वातावरणच होते. प्रतिमा स्वच्छ झाली, पण भय उणावले.

याउलट पोलंडमधील जीओजी या विक्रीसंस्थेने 2024 मध्ये ‘रेसिडेंट ईव्हिल’ची 1997 ची संगणक-आवृत्ती विंडोज 10 व 11 वर चालेल अशी करून पुन्हा उपलब्ध केली, तीही नक्कल-प्रतिबंधाचे कुलूप न लावता. चित्रांकनाची यंत्रणा सुधारली. स्थिर कॅमेरा व शाईफितीची टंचाई मात्र तशीच राखली. 2002 मध्ये कॅपकॉमनेच केलेली या खेळाची पुनर्निर्मिती ही वेगळी गोष्ट होय. ते नवे लेखन आहे, संपादन नव्हे.

पाठचिकित्सेची कसोटी

मराठी अभ्यासकास हा भेद नवा नाही. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले, ते नकला करताना शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. स्वतःची भर घालण्यासाठी नव्हे. खेळाच्या संपादकानेही काळाने आणलेला दोष आणि कृतीचा स्वभाव यांत विवेक केला पाहिजे. आजच्या संगणकावर खेळ सुरूच न होणे हा दोष होय; कॅमेरा न हलणे हा स्वभाव होय. या कसोटीवर 2024 ची आवृत्ती बव्हंशी उतरते. मात्र ती 1996 च्या मूळ प्लेस्टेशन आवृत्तीची जागा घेऊ शकत नाही, हा पाठभेद अभ्यासकाने ध्यानात ठेवावा.

समारोप

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या 2023 च्या अहवालानुसार त्या देशात 2010 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी वा आयएसएममध्ये टंकलिखित केलेली आपली मराठी संहिताही योग्य फाँट नसल्यास आजच्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग म्हणून उमटते. ती केवळ पुन्हा टंकून भागत नाही. मूळ धारिका आणि ती वाचण्याचे साधन, दोन्ही राखावे लागते. कर्जत-भिसेगाव परिसरासह सर्वच महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपल्या कपाटातील जुन्या सीडी एकदा लावून पाहाव्यात. ज्या उघडणार नाहीत, त्यांच्याबाबत संपादकाची गरज आजच निर्माण झाली आहे, असे समजण्यास हरकत नाही.