बंदुका विसरल्या जातात, जागा राहतात

फर्स्ट-पर्सन शूटर खेळांवरचे वाद बहुधा बंदुकांवरून रंगतात. कुणाला एखाद्या शॉटगनचा आवाज प्यारा, कुणाला स्नायपरची अचूकता. मला त्यातलं फारसं काही आठवत नाही. आठवतात त्या जागा. या प्रकारातला खेळ टिकतो तो त्याच्या खोल्या, जिने आणि वळणांवर, असं माझं ठाम मत आहे.

१९९३चा ‘डूम’ बघा. जॉन कारमॅकच्या इंजिनात खोलीवर खोली रचता येत नव्हती. मान वर-खाली करायची सोय नव्हती. शत्रू उंचावर असला तर गोळी आपोआपच जुळवून घ्यायची. पण जमिनीची उंची बदलता यायची आणि एकेका भागातला उजेड कमी-जास्त करता यायचा. एवढ्या भांडवलावर जॉन रोमेरोने पहिल्या भागातल्या बहुतेक लेव्हल उभ्या केल्या. खिडकीतून पलीकडचं अंगण आधी दिसतं, तिथं जायची वाट मागाहून सापडते. किल्ली उचलावी तर दिवे जातात आणि पाठीमागची भिंत सरकते. इम्प नावाच्या राक्षसांचे आगीचे गोळे इतके सावकाश येतात की ते चुकवता येतात. म्हणजे नेमाइतकेच पायही चालवावे लागतात. बंदूक रीलोड करायची भानगडच नाही. पुढच्या सगळ्या चकचकाटानंतरही ‘डूम’ शिळा वाटत नाही, तो यामुळे.

१९९८च्या ‘हाफ-लाइफ’ने याच जागेकडून कथा सांगून घेतली. सुरुवातीला आपण ट्राममधून ब्लॅक मेसा या प्रयोगशाळेत शिरतो. हातात काही नाही, नुसतं बघत राहायचं. कारखाना, कर्मचारी, बंद दारं, सगळं ओळखीचं होतं आणि मग तेच कोसळतं. कॅमेरा नायकाचे डोळे सोडून कुठे जात नाही. नंतर आलेल्या किती खेळांनी मधे मधे सिनेमा दाखवून हा धडा वाया घालवला!

त्याच ‘हाफ-लाइफ’वर हौशी मंडळींनी १९९९ला ‘काउंटर-स्ट्राइक’ बांधला, आणि डेव्ह जॉन्स्टनने २००१ साली त्यासाठी ‘डस्ट २’ हा मॅप. लाँग, मिड, बी टनेल: ही नावं आपल्याकडच्या सायबर कॅफेत शाळकरी पोरांच्या तोंडी होती. बॉम्ब ठेवायच्या दोन जागा, मधून जाणारी एक धोकादायक वाट, बस. कॅफेतला दुसरा लाडका ‘आयजीआय’. त्यातले पहारेकरी ठोंबे होते आणि मिशन अर्ध्यात सेव्ह होत नसे. तरीही दुर्बिणीतून लांबचा तळ न्याहाळून आपली वाट आपण ठरवायची मजा त्यात होती.

‘हेलो’ मोठाच, पण त्याच्या आतल्या एकसारख्या दालनांना मी लवकर कंटाळलो. ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ने २००७ साली प्रिप्यातच्या ओसाड शहरातून गवतात लपत नेलं, तो प्रसंग अप्रतिम आहे. पण तिथं पुढे कॅप्टन आणि मागे आपण. ही युक्ती इतकी खपली की पुढची कित्येक वर्षं खेळ म्हणजे कुणाच्या तरी पाठीमागून बोळकांडीतून चालणं झालं. ‘टायटनफॉल २’ (२०१६) हा अपवाद: एका लेव्हलमध्ये बटण दाबलं की तीच प्रयोगशाळा भग्नावस्थेतून गजबजलेल्या काळात जाते. आजची भिंत काल नव्हती, म्हणून काळ बदलून पलीकडे जायचं.

सध्या पैसा सीझन आणि बंदुकीच्या रंगीत स्किनमध्ये आहे. मॅप येतात, जातात, कुणी हळहळत नाही. २०२३मध्ये मात्र एका हौशी माणसाने ‘डूम २’साठी ‘मायहाउस’ नावाचा मॅप मोफत दिला. एक साधं घर, आत-बाहेर केलं की बदलत जाणारं. सुधारित इंजिनामुळे त्यात आता खोलीवर खोलीही आहे. त्या वर्षीच्या बड्या कंपन्यांच्या शूटर खेळांपैकी एकाचाही जिना मला आठवत नाही. या घराचा आठवतो.