हप्त्यावरचा पियानो

‘किंग ऑफ जॅझ’ २०१६ साली डागडुजी होऊन नव्या झळाळीने पडद्यावर परतला आणि त्यातला बँडमास्तर पॉल व्हाइटमन याचे उखळ पुन्हा पांढरे झाले. लेटन आणि पियर्स यांचे पुस्तक निघाले, दोनरंगी टेक्निकलरचे गोडवे गाऊन झाले, आणि बघता बघता असा सूर लागला की जॅझयुगातल्या बँडमास्तरांनी सिनेमाला जे दिले त्याचे शिखर हेच. रंग देखणे आहेत, हर्मन रोसच्या नेपथ्याला मिळालेले ऑस्कर रास्त होते, कोवळा बिंग क्रॉस्बी गोड गातो, सगळे मान्य. पण बँडमास्तराच्या सिनेमात संगीत घडताना दिसायला नको का? इथे ते एकदाही दिसत नाही. ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’साठी अवाढव्य पियानो उभारला आहे, त्याच्या पोटात अख्खा वाद्यवृंद बसवला आहे, आणि हे सारे अशा रंगतंत्रात की ज्याला निळा रंगच धड दाखवता येत नव्हता. दुकानाच्या काचेआड माल मांडावा तसे हे संगीत मांडलेले आहे. ते कुणी घडवले, कशातून घडले, याची चौकशी करायची सोय नाही. टेड लुईसच्या टोपीच्या कसरतींबद्दल आणि रूडी व्हॅलीच्या मेगाफोनबद्दल न बोललेलेच बरे. बेटी बूपच्या व्यंगपटांतला कॅब कॅलोवे भन्नाट आहे, पण तिथली करामत फ्लायशर बंधूंची.

आता ड्यूक एलिंग्टनचा ‘ब्लॅक अँड टॅन’ घ्या. १९२९, आरकेओ, दिग्दर्शक डडली मर्फी, लांबी जेमतेम एकोणीस मिनिटे. एका साध्या खोलीत एलिंग्टन पियानोवर बसून आर्थर व्हेटसोलला नवी चाल समजावतो आहे. व्हेटसोल ट्रम्पेटवर ती उचलतो, आणि रचना आपल्यासमोर उभी राहू लागते. तेवढ्यात दोन हमाल दारात हजर. पियानोचे हप्ते थकले आहेत, तो उचलून न्यायचा हुकूम आहे. नर्तकी फ्रेडी वॉशिंग्टन त्यांना जिनची लाच देते आणि घरात कुणी नव्हते असे मालकाला सांगायला लावते. संगीत, पैसा आणि जप्ती एकाच खोलीत, एकाच दृश्यात! ज्या सुरांवर क्लबमधली गिऱ्हाइके डोलणार आहेत, त्यांच्या खालचा पियानोसुद्धा वादकाच्या मालकीचा नाही, हे मर्फी भाषण न करता सांगून जातो. पुढे हृदयविकार असूनही फ्रेडी क्लबात नाचते. तिला भोवळ येऊ लागते तशी पडद्यावरची प्रतिमा लोलकातून पाहावी तशी फुटून अनेक होते. फेर्नां लेजेबरोबर ‘बाले मेकानिक’वर काम केलेल्या माणसाचा हात इथे ओळखू येतो. ती कोसळते, क्लबचा मालक कार्यक्रम पुढे रेटू पाहतो, आणि एलिंग्टन वाजवणे थांबवून बँडसकट उठतो. तिच्या अंथरुणाशी ‘ब्लॅक अँड टॅन फँटसी’ वाजते, शेवटी शोपँच्या शवयात्रेच्या सुरांसह. रचनेत ती शवयात्रा १९२७ पासूनच होती. तिला शोभेलसा प्रसंग सिनेमाने दिला. कथा मेलोड्रामाच आहे, नाकारत नाही. पण १९३५च्या ‘सिंफनी इन ब्लॅक’मध्ये फ्रेड वॉलरने हाच धागा पुढे नेला: एकीकडे कागदावर रचना लिहिणारा एलिंग्टन, दुसरीकडे ओझी वाहणारे मजूर आणि झिडकारली गेलेली, गाणारी बिली हॉलिडे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ते हमाल म्हणजे काळ्या माणसांची ठोकळेबाज थट्टा आहे. आहेच. अंकसुद्धा न वाचता येणारे, बाटली दिसताच विरघळणारे हमाल हा तेव्हाच्या रंगभूमीचा शिळा विनोद. पण त्याच खोलीत, त्याच चौकटीत, नीटस कपड्यांतला एक काळा संगीतकार आपले काम करतो आहे आणि कॅमेरा त्या कामाकडे आदराने पाहतो आहे. ‘किंग ऑफ जॅझ’मध्ये काय आहे? सुरुवातीच्या व्यंगचित्रात व्हाइटमन आफ्रिकेत शिकारीला जातो आणि डोक्यात नारळ बसून आलेल्या टेंगळाचा मुकुट होतो. शेवटी कढईत युरोपातले देशोदेशीचे सूर ओततात आणि त्यातून जॅझ निघते. कढईत आफ्रिका नाही! ज्यांची वस्तू, त्यांनाच पाककृतीतून वगळले.

‘काळच तसा होता’ हे उत्तर मी मानत नाही. दोन्ही चित्रांत वर्षभराचेही अंतर नाही. मर्फीने त्याच वर्षी बेसी स्मिथला घेऊन ‘सेंट लुईस ब्लूज’ही केला. म्हणजे त्या काळात दुसरा रस्ता होता, आणि तो निवडणारेही होते. धंद्याने तो जाणूनबुजून सोडला. पुरावा हवा असेल तर आरकेओचाच १९३०चा ‘चेक अँड डबल चेक’ पाहा. बँडमध्ये गोरे-काळे मिसळलेले वाटू नयेत म्हणून हुआन टिझोल आणि बार्नी बिगार्ड यांच्या उजळ चेहऱ्यांवर गडद रंग फासला, आणि ‘थ्री लिटल वर्ड्‌स’ला आवाज दिला तो पडद्याआडून व्हाइटमनच्याच जुन्या गायक त्रिकुटाने. हा काळाचा नाइलाज नव्हे, हिशेब होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. व्हाइटमनने १९२४ साली गर्श्विनकडून ‘ऱ्हॅप्सडी’ लिहवून घेतली, बिक्स बायडरबेकला पोसले, आणि खुद्द एलिंग्टनने आत्मचरित्रात ‘राजा’ या किताबाबद्दल त्याचा गौरव केला. तो गौरव बँड चालवणाऱ्याचा आहे. एलिंग्टन कुणाबद्दल वाईट लिहीत नसे आणि नोकऱ्या देणाऱ्या माणसाची किंमत त्याला कळत होती. त्यातून ‘किंग ऑफ जॅझ’ला सिनेमा म्हणून प्रमाणपत्र कसे मिळते? पुढची कारकीर्द पाहा. ‘थँक्स अ मिलियन’, ‘स्ट्राइक अप द बँड’, ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’: दर वेळी व्हाइटमन व्हाइटमन म्हणूनच येतो, बँडपुढे उभा राहतो आणि जातो. एलिंग्टन १९५९ साली प्रेमिंजरच्या ‘अॅनॅटमी ऑफ अ मर्डर’ला अख्खे संगीत देतो, आणि त्यात जेम्स स्ट्युअर्टशेजारी पियानोवर बसतो तो पाय-आय नावाचे पात्र म्हणून. अमेरिकी राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीने व्हाइटमनला २०१३ साली घेतले, ‘ब्लॅक अँड टॅन’ला २०१५ साली, या क्रमाचे मला आश्चर्य वाटत नाही, चीड येते. ज्यांना शिखर तिकडे दिसते त्यांनी व्हाइटमनच्या दीड तासाहून लांब तमाशात त्या हमालांच्या प्रसंगाच्या तोडीची दोन मिनिटे काढून दाखवावीत. नुसते रंग मोजून भागणार नाही.